डिवॉनवरची उधारी

परवा शनिवारी बऱ्याच दिवसांनी डिवॉनवर गेले होते. बऱ्याच म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. एके काळी दर पंधरा दिवसांनी जाणारी मी! पण आता घरापासून दहा मिनिटांवर तीन-तीन देशी दुकानं आहेत, कढीपत्ता तर साध्या अमेरिकन दुकानातही कधीमधी दिसतो. मग तासभर गाडी हाकत शिकागोत कोण जाणार? गेले ते लेकीच्या हट्टापायी. तिला मैत्रिणीच्या लग्नात माझी काळी इरकल नेसायची होती आणि त्यावरचं खणाचं ब्लाउज तिला होत नव्हतं. आमच्या उपनगरात पिझ्झा पंचवीस मिनिटांत घरी येतो, पण ब्लाउज उसवून पुन्हा शिवून देणारं माणूस मिळत नाही. त्यासाठी अजून डिवॉनच.

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिकागोचे रस्ते म्हणजे चौकटीची वही. मॅडिसन रस्त्यापासून आकडे सुरू होतात, आठशे आकड्यांचा एक मैल. डिवॉनचा आकडा ६४००, म्हणजे मॅडिसनच्या बरोबर आठ मैल उत्तरेला. इंग्लंडातल्या परगण्यासारखं 'डेवन' म्हणालात तर शिकागोकर लगेच ओळखतात की पाहुणा आहे. इथे म्हणायचं 'डि-वॉन', जोर शेवटी. वेस्टर्न अव्हेन्यूपासून कॅलिफोर्निया अव्हेन्यूपर्यंतचा अर्धा मैल हा आपला, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेश असा सगळ्यांचा मिळून. त्याच्या पश्चिमेला ज्यू मंडळींची वस्ती, त्यांच्या कोशर बेकऱ्या आणि प्रार्थनामंदिरं. अधूनमधून रशियन, असिरियन, क्रोएशियन. आणि आता म्यानमारमधून आलेले रोहिंग्या, त्यांचं सांस्कृतिक केंद्र २०१६ पासून इथेच आहे.

ह्या शहरात रस्त्यांना मानाची नावं द्यायची पद्धत आहे. मूळ नाव तसंच राहतं, खांबावर तपकिरी रंगाची आणखी एक पाटी लागते. आमच्या ह्या एका रस्त्यावर गांधी मार्ग आहे, महंमद अली जिना वे आहे, शेख मुजीब वे आहे आणि गोल्डा मायर बुलेवार्डही आहे. हयातीत ह्या चौघांना एका खोलीत बसवायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं. इथे ते एकाच बसच्या मार्गावर आहेत. १५५ नंबरची बस.

आम्ही १९९८ मध्ये आलो. मी मूळची सांगलीची. हरभट रोडवर आईचा हात धरून खरेदी केलेली, त्यामुळे अमेरिकेतली पहिली सहा महिने मला सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर इथल्या दुकानांतली शांतता. सगळं चकचकीत, गार, आणि कुणीही कुणाशी बोलत नाही. मग एका रविवारी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका तेलुगू कुटुंबाने आम्हाला डिवॉनवर नेलं. गाडीचं दार उघडलं आणि जिलबीचा वास, कबाबाचा धूर, कुठल्यातरी दुकानातून मोठ्याने लागलेलं गाणं, रस्त्यात दोन-दोन गाड्या आडव्या लावून एकमेकांवर ओरडणारी माणसं... माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, धूर गेला."

त्या काळात महिन्याचं सामान तिथूनच यायचं. जाडे पोहे, साबुदाणा, ज्वारीचं पीठ, आंब्याच्या रसाचे डबे. (भारतातला आंबा अमेरिकेत यायला २००७ साल उजाडलं, तोवर डब्यातल्या रसावरच अक्षय्य तृतीया.) मराठी म्हणून वेगळं असं फारसं काही मिळायचं नाही. दुकानं बहुतेक गुजराती मंडळींची, त्यामुळे आमसूल हवं असेल तर 'कोकम' म्हणायचं आणि गोडा मसाला हवा असेल तर गप्प बसायचं! पटेल बंधूंचं, मफतभाई आणि तुलसीभाईंचं, पहिलं दुकान ह्याच रस्त्यावर १९७४ मध्ये निघालं. आज अमेरिकाभर त्यांची पन्नासहून अधिक दुकानं आहेत. पण सगळ्याचं मूळ हा रस्ता.

आणि किराण्यापेक्षाही मजेची ती इतर दुकानं. २२० व्होल्टची दुकानं हा एक वेगळाच प्रकार होता. भारतात जाताना न्यायचे मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर तिथे मिळायचे, जे अमेरिकेत चालतच नाहीत. म्हणजे अमेरिकेत राहून, अमेरिकेत न चालणारी वस्तू विकत घ्यायची आणि 'अमेरिकेहून आणली' म्हणून भारतात द्यायची! शेजारी भल्यामोठ्या बॅगा. मग फोन कार्डांचं दुकान, पाच डॉलरमध्ये किती मिनिटं ते काचेवर हाताने लिहिलेलं. बावीस कॅरेटचं सोनं. व्हिडिओ कॅसेटा. टॅक्सीवाल्यांनी रात्रभर गजबजलेलं स्वस्त बिर्याणीचं हॉटेल. एका जॉर्जियन बेकरीत दुकानाच्या मधोमध गोल विटांची भट्टी होती आणि पाव आतल्या भिंतीला थापून भाजत. ती पाहून मी आईला पत्रात लिहिलं होतं की इथे रशियाकडच्या लोकांकडेही तंदूर असतो. आईचं उत्तर, "मग भाकरीही भाजत असतील, विचारून बघ."

ह्या सगळ्यात माझं अगदी हक्काचं दुकान म्हणजे मास्टरजींचं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. कराचीचे होते. एका साडीच्या दुकानाच्या मागे बोळकंडीसारखी जागा, दोन मशिनं, एक ओव्हरलॉकचं मशीन, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीला टाचणीने लावलेली चिठ्ठी. पहिल्यांदा गेले तेव्हा माझं हिंदी ऐकून ते हसले आणि म्हणाले, "आप बंबई की तरफ़ की हैं." सांगली आणि मुंबई ह्यांत किती अंतर आहे ते मी त्यांना समजावायला लागले, तर म्हणाले, "बाजी, कराची से तो सब बंबई ही लगता है." मला ते 'बाजी' म्हणत. मी त्यांच्यापेक्षा निदान वीस वर्षांनी लहान असेन.

मापाचं ब्लाउज द्यायचं, ते टेप न लावता हातानेच ताणून बघायचे आणि म्हणायचे, "हे कुणी शिवलंय? मुंढा चुकलाय." सांगलीच्या आमच्या पिढीजात शिंप्याला चुकीचं ठरवल्याचा मला राग यायचा. पण त्यांनी शिवलेलं ब्लाउज घातलं की हात वर केला तरी काखेत ओढत नसे. राग गेला.

२००२ च्या दिवाळीत आईने एका येणाऱ्या पाहुण्याबरोबर काळी इरकल पाठवली. संक्रांतीला नेस म्हणाली. बरोबर गुळेदगुड्डचे दोन खण, 'एकात भागलं नाही तर'. ते खण घेऊन मी डिवॉनवर गेले. मास्टरजींनी खण कधी पाहिला नव्हता. उलटसुलट करून बघितला, बोटांनी सूत चाचपलं, नाकाशी नेऊन वाससुद्धा घेतला. मग पन्हा मोजला आणि चिंतेत पडले. खणाचा पन्हा लहान, तो पूर्वी चोळीसाठीच विणायचे ना. आमची आजी कशी चोळी शिवायची, काखेत तुकडा कसा जोडायची, ते मी त्यांना हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कपड़ा बहुत अच्छा है, जल्दी मत कीजिए." वीस डॉलर ठरले. आठ मी आधी दिले, बारा बाकी. डिसेंबरच्या मध्यावर या म्हणाले.

डिसेंबरच्या मध्यावर मी गेले नाही.

ह्याचं कारण मी आजवर कुणाला सांगताना 'बर्फ फार होतं' असं सांगत आले. बर्फ होतंच. पण खरं कारण वेगळं होतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर डिवॉनवर सगळ्या दुकानांच्या काचांवर अमेरिकेचे झेंडे लागले होते. वर्षभराने सरकारने नवा नियम काढला. ठरावीक देशांतून व्हिसावर आलेल्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायची. डिसेंबर २००२ मध्ये पाकिस्तानचं नाव त्या यादीत आलं. एकूण पंचवीस देश, त्यातला उत्तर कोरिया सोडला तर बाकी सगळे मुस्लिमबहुल. देशभरात ८०,००० हून अधिक माणसांनी अशी नोंद केली. आपण होऊन नोंदवायला गेलेल्यांतल्या १३,००० हून अधिक लोकांवर परत पाठवण्याची कारवाई सुरू झाली, बहुतेकांच्या कागदपत्रांत कुठलीतरी मुदत उलटलेली होती म्हणून.

भारत त्या यादीत नव्हता. पण आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. नवऱ्याच्या कंपनीत लोक कमी करत होते. आमच्या ओळखीत सगळे एकमेकांना सांगत होते की सध्या जरा जपून राहा. नवरा म्हणाला, "थोडे दिवस तिकडे नको जाऊस. कोण कधी काय विचारेल, कुणाच्या वहीत आपलं नाव, फोन नंबर..." त्याला दोष देत नाही. मीही लगेच 'बरं' म्हटलं. लेक तेव्हा लहान होती, मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. संक्रांतीला मी दुसरी कुठलीशी काळी साडी नेसले आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला जाऊन तिळगूळ वाटला. 'गोड गोड बोला' म्हणत.

मार्चच्या सुरुवातीला आन्सरिंग मशीनवर निरोप आला. "बाजी, आपका ब्लाउज तैयार है. दुकान थोड़े दिन है. आप आ जाइए." एवढंच. आवाज नेहमीसारखा. मी तो निरोप दोनदा ऐकला. आणि फोन केला नाही. उद्या करू, परवा करू. मग तो नव्या निरोपांखाली गेला आणि एके दिवशी पुसलाही गेला.

एप्रिलच्या शेवटी, बर्फ वितळल्यावर आम्ही डिवॉनवर गेलो. बोळकंडीला कुलूप. रस्त्यावर आणखीही काही दुकानं बंद होती. एका न्हाव्याच्या दुकानात खुर्च्या तशाच होत्या आणि माणूस नव्हता. शेजारच्या मिठाईच्या दुकानात विचारलं. गल्ल्यावरच्या बेन माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बहु मोडा आव्या, बेन." मग त्यांनी काउंटरखालून एक मोठं खोकं काढलं. त्यात पिशव्या. सगळ्यांना टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्या, नाव आणि फोन नंबर. जाण्याआधी मास्टरजींनी रात्री बसून हातातलं सगळं काम पुरं केलं होतं आणि न नेलेले कपडे ह्यांच्याकडे ठेवून गेले होते. कॅनडाला गेले म्हणे. त्या हिवाळ्यात बरेच जण तसे सीमेकडे गेले, मुलंबाळं आणि बॅगा घेऊन. बहुधा त्याच बॅगा, त्या २२० व्होल्टवाल्या दुकानाशेजारच्या.

माझी पिशवी सापडली. चिठ्ठीवर माझं नाव, आणि जिथे बाकी लिहिलेली असते तिथे 'पेड'. मी म्हटलं, माझे बारा डॉलर द्यायचे राहिलेत. बेन म्हणाल्या, "सगळ्यांच्या चिठ्ठीवर तेच लिहिलंय. मी विचारलं त्यांना. ते म्हणाले, मी नसताना हिशेब कुणाकडे मागणार, आणि लोकांना अवघडल्यासारखं होईल."

लोकांना अवघडल्यासारखं होईल! हे वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षं बाळगून आहे.

तो नोंदणीचा नियम पुढे २०११ मध्ये थांबवला आणि २०१६ मध्ये कागदावरूनही काढून टाकला. आमचं ग्रीन कार्ड आलं, मग नागरिकत्व आलं, आम्ही मोठं घर घेऊन आणखी लांब गेलो. आपले बहुतेक लोक असेच नेपरव्हिल, शॉमबर्गकडे गेले, दुकानंही त्यांच्या मागोमाग गेली. ह्यात नवल काही नाही. डिवॉनच्या आसपास आधी लक्झेंबर्गहून आलेल्या शेतकऱ्यांचे भाजीचे मळे होते, मग ज्यू आले, त्यांतले बरेच स्कोकी-लिंकनवुडला गेले, मग आपण आलो. १९६५ साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला नसता तर आपण आलोही नसतो. जवळच 'इंडियन बाउंड्री पार्क' नावाची बाग आहे. नवीन आलेल्या प्रत्येक भारतीयाला वाटतं की ती आपल्या नावाची. ती सीमा असते इथल्या मूळ रहिवाशांची, पॉटावाटोमी वगैरे जमातींची. १८१६ च्या तहाने आखली गेली आणि १८३३ च्या तहाने त्यांना तिच्या पलीकडूनही जावं लागलं. म्हणजे ह्या भागात कुणीतरी कुणालातरी 'इथून जा' म्हणण्याला दोनशे वर्षं झाली. पण आपणहून निघणं वेगळं आणि निघावं लागणं वेगळं. आम्ही नेपरव्हिलच्या बाजूला गेलो आणि मास्टरजी कॅनडाला गेले, ह्या दोन्हीला 'स्थलांतर' हा एकच शब्द मला पुरत नाही.

असो. परवाचं सांगत होते.

मास्टरजींची बोळकंडी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान झाली आहे. मिठाईचं दुकान आहे, पण बेन नाहीत, त्यांचा भाचा बसतो. रस्त्याचे फुटपाथ नवे, दिवे नवे. वजनावर विकल्या जाणाऱ्या भाज्यांच्या दुकानात स्पॅनिश, रशियन, उर्दू आणि मला न कळणाऱ्या आणखी एका भाषेत कोथिंबिरीवरून घासाघीस चालली होती. ऐकून बरं वाटलं. रस्ता आमच्यावाचून अडलेला नाही.

वरच्या मजल्यावर एक हैदराबादच्या बाई शिवणकाम करतात असं कळलं, तिकडे गेलो. लेकीने ब्लाउज काढून दिलं. ती म्हणाली, "हे होणार नाही बहुतेक, खण आहे, आई म्हणते कापडच नसतं." बाईंनी चष्मा लावला, ब्लाउज उलटं केलं आणि बाजूची शिवण बोटांनी उघडून बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे कुणी शिवलंय?"

माझ्या पोटात धस्स झालं. वाटलं, आता म्हणतील मुंढा चुकलाय.

त्या म्हणाल्या, "एवढ्याशा कपड्यात इतकं मार्जिन कुणी ठेवत नाही." मी वाकून बघितलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड आत दुमडलेलं. दुसऱ्या खणाचा तुकडा काखेत इतका बेमालूम जोडला होता की इतकी वर्षं नेसूनही मला कळलं नव्हतं. आणि त्या जोडाच्या आत पुन्हा माया. आपण मराठीत शिवणीतल्या ह्या जास्तीच्या कापडाला मायाच म्हणतो ना. आई नेहमी शिंप्याला बजावायची, "माया ठेवा हो भरपूर, पोरीचं अंग वाढतं आहे." मी मास्टरजींना हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायला मला त्याचा हिंदी शब्दच येत नव्हता.

लेकीला तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. निरोप आलेला, मी फोन न केलेला, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तू घाबरली होतीस ना?" मी म्हटलं, "हो. पण यादीत मी नव्हते." ती काही बोलली नाही. तिच्या पिढीला असल्या बाबतीत पटकन सल्ले द्यायची सवय आहे, तरी ती बोलली नाही ह्याचं मला बरं वाटलं.

बाईंनी खडूने खुणा केल्या, पुढच्या शनिवारी या म्हणाल्या. पंधरा डॉलर. मी सगळे आधीच देऊन टाकले. नवऱ्याला फोनवर सांगितलं की पुढच्या शनिवारीही डिवॉनला जायचंय. तो म्हणाला, "पुन्हा? कुरिअरने नाही का पाठवणार त्या?"

म्हटलं, नाही. जाऊन आणायचं.

निघताना बाईंनी विचारलं, "जेवढी माया आहे ती सगळी सोडू का?" लेक माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, लागेल तेवढीच सोडा, थोडी राहू दे आत.